मी फोन घेते म्हणजे काय करते

ती. आई आणि बाबा,
शि. सा. न.

नाईट आत्ताच संपली, घरी आलेय पण झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा "बरं बरं" म्हणून लगेच आईकडे देतात आणि मग जेवलीस का, झोपलीस का यातच वेळ जातो.

बाबा, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉल चालू होता तेव्हा काकांनी मागून विचारलं, ही तिकडे नक्की काय करते, आणि तुम्ही म्हणालात, "पोलिसांच्या ऑफिसात फोन घेते." खोटं काहीच नाही त्यात, मी फोनच घेते. पण ते मला लागलं, दोन दिवस मनातून जाईना. मग लक्षात आलं की इथलं सरकारपण माझ्याबद्दल हेच म्हणतं, आणि सरकारशी मी काय बोलणार, तुमच्याशी तरी बोलू शकते.

इथे अमेरिकेत सगळ्या नोकऱ्यांची एक सरकारी यादी असते, आत्ताची २०१८ ची आहे. पोलीस, फायरवाले हे संरक्षण सेवेच्या गटात. त्याच गटात लाइफगार्ड आहेत, शाळेसमोर मुलांना रस्ता क्रॉस करून देणारे आहेत, पार्किंगचा दंड लावणारे आहेत, त्यांचं काम हलकं असं मी अजिबात म्हणत नाही. पण आम्ही ९११ वाले, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरवर फोन घेणारे, कुठे, तर ऑफिसच्या कारकुनी कामांच्या गटात, सेक्रेटरी आणि टायपिस्टसोबत. ९११ चा पहिला फोन लागला १९६८ मध्ये, अलाबामातल्या हेलीव्हिल नावाच्या छोट्या गावात. पन्नास वर्षांनी काढलेल्या यादीतसुद्धा आम्ही क्लार्कच.

आता मी काय करते ते सांगते. कॉल कुणाचा होता ते सांगायचं नसतं, तेवढं सोडून.

रात्री दोननंतर एका बाईंचा फोन आला, त्यांच्या घरातले एक जण उठत नव्हते. आमचा पहिला प्रश्न कायम पत्त्याचाच, कारण फोन मध्येच कट झाला तरी गाडी कुठे पाठवायची ते कळलेलं असतं, आणि मोबाईलचं लोकेशन बिल्डिंगमध्ये नेमका कितवा मजला ते नेहमी सांगतंच असं नाही. पत्ता मिळाला. मग विचारलं, ते शुद्धीवर आहेत का, नाही. श्वास नीट चालू आहे का, तर त्या म्हणाल्या हो, घोरतायत, विचित्र घोरतायत. आई, हे ऐकलं की आमच्या पोटात गोळा येतो. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस असा अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास घेतो, घरच्यांना वाटतं झोपलाय, पण तो श्वास नसतोच. त्या घोरण्यावर विश्वास ठेवून मी गाडी येईपर्यंत थांबा म्हटलं असतं तर संपलं असतं, कारण सीपीआरशिवाय, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवल्याशिवाय, जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी खाली येते.

मी त्यांना म्हटलं फोन स्पीकरवर टाका, त्यांना पलंगावरून खाली घ्या, जमिनीवर पाठीवर झोपवा, छातीच्या मध्यभागी तळहाताचा खालचा भाग ठेवा, दुसरा हात त्यावर, आणि जोरात दाबा, ५ सेंटीमीटर तरी आत जायला हवं. त्या म्हणत होत्या मला नाही जमणार, मी मोजत होते, एक दोन तीन चार, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगात, त्या माझ्याबरोबर मोजायला लागल्या, रडत होत्या पण थांबल्या नाहीत. मधे दार उघडं करायला सांगायचं असतं, शेजारच्या टेबलावर सहकारी गाडीशी बोलत असतो, मी टाइप करतेय, मोजतेय, सगळं एकदम. सात मिनिटं असं चाललं. मग दारातून बुटांचे आवाज आले, कुणीतरी "मॅम, बाजूला व्हा" म्हणालं आणि फोन बंद झाला.

पुढे काय झालं मला माहीत नाही. आम्हाला बहुतेक वेळा कळतच नाही. पुढचा कॉल शेजाऱ्यांच्या म्युझिकची तक्रार होती, आणि तो मी नीट घेतला.

त्या घरात सर्वात आधी पोचलं कोण, बाबा? गाडी दारात येईपर्यंत त्यांच्या छातीवर पडणारे हात माझ्या आवाजाने चालत होते. आणि हे काही नवं नाही, सिएटलच्या भागात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ऑपरेटर फोनवरून सीपीआर करून घेतायत. म्हणून आम्हाला फर्स्ट रिस्पॉन्डर म्हणा, म्हणजे पोलीस, फायरवाल्यांसारखे सर्वात आधी मदतीला येणारे, एवढंच मागणं आहे. त्यात पगाराचा भागही आहे, नाही कशाला म्हणू, पण जास्त प्रश्न आजारपणाचा आहे. मोठ्या अपघातानंतर घटनास्थळी गेलेल्यांना बसवून त्यांच्याशी बोलतात, आमच्या सेंटरमधून एकदा कुणालाच बोलावलं नाही, आणि ते किंचाळणं तर आम्हीच पहिल्यांदा ऐकलं होतं. माझी एक मैत्रीण झोप उडाली म्हणून नोकरी सोडून गेली, खूप चांगली होती ती.

टेक्सासने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायद्यात आमचं नाव घातलं. देशपातळीवर २०१९ मध्येच इथल्या संसदेतल्या नॉर्मा टोरेस यांनी तिथल्याच ब्रायन फिट्झपॅट्रिक यांच्यासोबत ती सरकारी यादी बदलायचं बिल आणलं, ते नंतर परत मांडावं लागलं. टोरेस बाई स्वतः लॉस एंजेलिस पोलिसांकडे अनेक वर्षं ९११ ऑपरेटर होत्या. एका लहान मुलीचा कॉल त्यांच्याकडे आला, स्पॅनिश येणारा माणूस मिळेपर्यंत वेळ गेला होता आणि ती मुलगी वाचली नाही. मग दोन भाषा येणारे ऑपरेटर घ्या म्हणून त्या मागे लागल्या आणि तिथूनच राजकारणात आल्या. परवा एका आजींचा फोन आला, मुलाकडे आलेल्या, इंग्रजी येईना, मी हिंदीत "आजी, मी ऐकतेय, पत्ता सांगा" म्हटलं तर त्या एकदम शांत झाल्या. मला तेव्हा तूच दिसलीस गं आई.

बाबा, काकांना परत सांगाल तेव्हा फोन घेते एवढं म्हणून थांबू नका, फोनवर काय करते तेही सांगा. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील.

आणि एक काम करा दोघांनी. घराचा पूर्ण पत्ता, मजला आणि जवळची खूण मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ लावा, घाबरल्यावर स्वतःचा पत्तासुद्धा आठवत नाही, मी रोज बघते. ११२ लावलात तर आधी तोच सांगा आणि समोरचा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका, तो विचारत असतो तेव्हा गाडी निघालेली असू शकते, उगाच वेळ काढतोय असं वाटून चिडू नका त्याच्यावर.

रविवारी फोन करते. उचलल्या उचलल्या "कुठे आहेस" विचारेन, सवयच लागलीय, आई तू सांगून टाक.

तुमची,
ताई