शनिवारच्या ड्रायव्हरबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी पत्र पूर्ण वाचा, मग चिडा. येत्या शनिवारपासून माधवनगरच्या बैठकीला तुम्हा दोघांना न्यायला-आणायला ड्रायव्हर येईल. महिन्याचे पैसे देऊन झालेत. गाडी तुमचीच, मित्र तेच, रमीचा डावही तोच. तुमच्या गुडघ्यासाठी पुढची सीट मागे सरकवायची, एसी लावायचा नाही, विविध भारती लावायची, सगळं त्याला सांगून ठेवलंय. त्याला घाई नाही, डाव संपेपर्यंत थांबेल.

तुम्ही दोन पेगच्या वर जात नाही, मला माहीत आहे. पण वयाबरोबर अंगातलं पाणी कमी होतं, त्यामुळे पूर्वीचेच दोन पेग आता जास्त चढतात. त्यात सर्दीची गोळी घेतली असेल तर झापड वेगळीच. कायद्याने 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, तेवढं दोन पेगांत सहज ओलांडलं जातं. दंडाचं मला काही नाही. नानांचं झालं तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, शेजारी बसलेल्याने बोलायला हवं होतं.

आई, शेजारी तूच बसतेस. तोल जायची वाट बघू नकोस, ते फार उशिरा दिसतं. आधी अंदाज चुकायला लागतो, आणि नेमकं तेव्हाच माणसाला आपण अगदी ठणठणीत आहोत असं वाटतं. दिवाळीत मी बघितलं ना. बाबांनी मामांचा तोच किस्सा जिन्यात दुसऱ्यांदा सुरू केला, आवाज चढलेला. शेवटच्या पायरीवर पाऊल जोरात पडलं. किल्ली लॉकच्या आजूबाजूलाच घासत राहिली. दादाने हसत हसत किल्ली घेतली म्हणून निभावलं.

डोळे लाल-पाणीदार झालेत का, शब्द ओढले जातात का, एका वेळी दोन गोष्टी विचारल्या तर एक सुटते का, एवढं बघ. ताक, लिंबूपाणी, कॉफी, तोंडावर पाणी, कशानेही उतरत नाही. लहान पेग उतरायलाही साधारण तासभर लागतोच. आणि घाम फुटून हात थरथरत असतील तर चढली असं धरून चालू नकोस, आधी साखर तपास. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना रिकाम्या पोटी घेतली तर साखर खाली येऊ शकते. म्हणून बाबा, निघताना भाकरी खाऊनच निघायचं. हे विचारत नाहीये, सांगतेय.

लुनावर मला पुढे उभी करून शाळेत सोडायचात, तेव्हा ब्रेक दाबायच्या आधी तुमचा डावा हात माझ्या पोटाशी यायचा. तुमच्या गाडी चालवण्यावर माझा कधीच अविश्वास नव्हता, बाबा. सकाळी मंडईत, बँकेत, मिरजेला आत्याकडे खुशाल चालवा.

ड्रायव्हरचा नंबर फ्रिजवर लावायला दादाला सांगितलंय. तो आला नाही तर रिक्षा करा, नाहीतर तिथेच राहा. किल्ली आईच्या पर्समध्ये. पोचलात की रात्री कितीही वाजले तरी मिस कॉल द्या. भांडायचं असेल तर रविवारी सकाळी फोन करा, मी घरीच आहे.

तुमची,
छकुली