मोटारशर्यतीकडे वकिलीच्या वाटेने: मुलीस पत्र

कोल्हापूर

प्रिय ईशा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

कायद्याची पदवी घेतल्यावर मोटारशर्यतींच्या व्यवस्थापनात जाण्याचा तुझा विचार तू कळवलास, तेव्हापासून घरात याच विषयावर बोलणे चालू आहे. तुझ्या काकांचा प्रश्न असा की, जिला शर्यतीची गाडी चालवायची नाही आणि इंजिनही उघडायचे नाही, तिचे त्या क्षेत्रात काम काय? त्यांना मी मोनिशा काल्टेनबॉर्न यांची कारकीर्द सांगितली; फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेतील झाउबर संघाच्या त्या एकेकाळी प्रमुख होत्या. ती तू पूर्ण जाणून घ्यावीस असे मला वाटते, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

मोनिशाबाईंचा जन्म 1971 सालचा, डेहराडूनचा. माहेरचे आडनाव नारंग. त्या लहान असतानाच कुटुंब व्हिएन्नाला स्थायिक झाले आणि पुढे त्या ऑस्ट्रियाच्या नागरिक झाल्या. व्हिएन्ना विद्यापीठात कायदा शिकून त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून आंतरराष्ट्रीय व्यापारी कायद्याची पदव्युत्तर पदवी घेतली. नंतर त्या ज्या उद्योगसमूहात नोकरीला लागल्या, त्याचे प्रमुख फ्रिट्झ कायझर हे स्वित्झर्लंडच्या झाउबर संघाचे भागीदार होते, आणि संघाची कायदेशीर कामे मोनिशाबाईंकडे आली. 2000 साली त्या झाउबरच्याच विधी विभागाच्या प्रमुख झाल्या. म्हणजे या खेळात त्यांचा प्रवेश प्रायोजकांचे, चालकांचे आणि इंजिन पुरवणाऱ्यांचे करारनामे हाताळत झाला. गाडी वेगात धावते ती अभियंत्यांमुळे, हे खरेच; परंतु ती गाडी मुळात उभी राहावी यासाठी करारांची शेकडो पाने आधी कोणीतरी डोळ्यांत तेल घालून वाचलेली असतात.

त्यांची खरी कसोटी 2009 साली लागली. संघाची मालकी असलेल्या बीएमडब्ल्यूने त्या वर्षी जुलैमध्ये फॉर्म्युला वन सोडत असल्याचे जाहीर केले, एका गुंतवणूकदाराबरोबरचा विक्रीचा व्यवहार फिसकटला, आणि अखेर संघाचे संस्थापक पीटर झाउबर यांनी नोव्हेंबरमध्ये आपला जुना संघ परत विकत घेतला. संघाचा कारखाना असलेल्या हिनविल या स्वित्झर्लंडमधील छोट्या गावातील शेकडो कामगारांची रोजीरोटी त्या वाटाघाटींवर अवलंबून होती. त्यानंतर 2010 च्या आरंभी मोनिशाबाई मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या, 2012 च्या मे महिन्यात पीटर झाउबर यांनी संघाची एकतृतीयांश मालकी त्यांच्या नावे केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संघप्रमुखपदही त्यांच्याकडे सोपवले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात हे पद सांभाळणारी ती पहिली स्त्री. सूत्रे हाती घेतल्यानंतरची त्यांची दुसरीच शर्यत ग्रेटर नोइडाच्या बुद्ध सर्किटवर झाली, आणि त्यांच्या जन्माच्या देशात त्या संघप्रमुख म्हणून उभ्या राहिल्या, याचा मला आजही मनापासून आनंद वाटतो.

बहुतेक लेख इथेच थांबतात. त्यापुढची वर्षे मात्र तू अधिक लक्षपूर्वक वाचावीस, कारण तुझे काम त्या वर्षांसारखे असणार आहे. 2012 मध्ये झाउबरचे चालक चार वेळा पहिल्या तिघांत आले होते आणि संघ सहावा होता. 2014 मध्ये मात्र संघाला वर्षभरात एकही गुण मिळाला नाही. या खेळात वर्षअखेरीचे स्थान घसरले की बक्षिसाची रक्कम घटते, रक्कम घटली की पुढच्या वर्षीची गाडी सुधारायला पैसा उरत नाही, आणि मंद गाडीला प्रायोजक मिळणे आणखी अवघड होते. मोठ्या मोटारकंपनीचा आधार नसलेला संघ या चक्रात सापडला की त्याला स्वतःबरोबर प्रायोजक आणणारे चालक शोधावे लागतात. झाउबरने 2015 साठी तेच केले, परंतु गिडो व्हान डेर गार्डे या डच चालकाबरोबर त्याच हंगामाचा करार आधीच झालेला होता. दोन जागा आणि तीन चालक, अशी ती स्थिती. स्वित्झर्लंडमधील लवादाने त्याच्या बाजूने निर्णय दिला, मेलबर्नमधील, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, संघाचे अपीलही फेटाळले गेले, आणि मेलबर्नलाच होणाऱ्या हंगामाच्या पहिल्या शर्यतीच्या पहिल्याच सराव सत्रात झाउबरच्या गाड्या गॅरेजबाहेर आल्या नाहीत. पुढे तडजोड झाली व व्हान डेर गार्डेने माघार घेतली. रविवारी त्याच शर्यतीत संघाचे चालक पाचवे आणि आठवे आले.

ज्या बाईंची सारी उभारणी करारांच्या जाणकारीवर झाली, त्यांच्याच संघाने करार मोडला, ही गोष्ट मला वकील म्हणून खटकते आणि ती मी तुझ्यापासून झाकून ठेवणार नाही. पगार थकण्याची वेळ आलेल्या संघाला पैशाची किती निकड असते, हे मी समजू शकते. तरीही ज्या माणसाने तुमच्या सहीवर विसंबून दुसरीकडच्या संधी सोडल्या, त्याचा हक्क त्या निकडीमुळे संपत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच वेळी, केवळ या प्रकरणावरून त्यांची कारकीर्द मोजणेही मला अन्याय्य वाटते. 2016 च्या जुलैत नवा गुंतवणूकदार येऊन संघ वाचला, तोपर्यंत तो त्यांनी तगवून धरला होता. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये भर पावसात फेलिपे नासर नववा आला आणि त्या दोन गुणांमुळे झाउबर मॅनर संघाच्या पुढे दहाव्या स्थानी गेला. काही आठवड्यांतच मॅनर संघ बंद पडला. दोन गुणांची किंमत या खेळात एवढी असते. 2017 च्या जूनमध्ये नव्या मालकांशी त्यांचे पटेनासे झाले आणि त्या बाहेर पडल्या. हिनविलचा तो कारखाना पुढे ऑडीने घेतला.

क्लेअर विल्यम्स यांनीही 2013 पासून 2020 पर्यंत विल्यम्स संघाचा कारभार उपप्रमुख म्हणून पाहिला, आणि तोही फार कठीण काळ होता. पण त्या संस्थापकांच्या कन्या होत्या. मोनिशाबाईंना त्या क्षेत्रात ना घराणे होते ना ओळख, म्हणून तुझ्यासाठी मी त्यांचे उदाहरण निवडले.

आता तुझ्याविषयी. विदेशात अर्ज करण्यापूर्वी इथल्या शर्यतींच्या आयोजनात एक हंगाम काढ, मग ते काम कोइम्बतूरला मिळो, चेन्नईला मिळो की आपल्या कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर. राष्ट्रीय महासंघाची नियमावली आणि आंतरराष्ट्रीय महासंघाची क्रीडा नियमावली शेजारी ठेवून वाच. ताळेबंद वाचायला शीक, कारण संघ बुडतो तो आधी तिथे दिसतो. लवादाचा कायदा तुझा आवडता विषय आहेच, त्याला जर्मन भाषेची जोड दे. तुझ्या बाबांनी पुण्यातील वर्गांची फी भरण्याची तयारी दाखवली आहे. प्रवेशाची शेवटची तारीख मला कळव, म्हणजे पैसे वेळेत पाठवता येतील. काकांची समजूत मी घालते.

तुझी,
आई