दगडातला पंख कपाटात नको

मा. संपादक, स.न.

स्कॉटलंडच्या स्काय बेटावर सापडलेल्या ज्युरासिक टेरोसॉरच्या, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या उडणाऱ्या सरीसृपाच्या, जीवाश्माबद्दल चर्चा निघाली की आमच्या कट्ट्यावरचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘विकला तर कितीला जाईल?’ मी चाळीसेक वर्षं दगड गोळा करतोय. माझ्या टेबलावर नाशिकजवळच्या खाणीतला अपोफिलाइट नावाचा स्फटिक आहे, हिरवट, एक कोपरा उडालेला. तेव्हा संग्राहकाची हाव मला कोणी समजावायला नको.

पण हा प्राणी पाहा. २०१७ साली अमेलिया पेनी या विद्यार्थिनीला किनाऱ्यावरच्या खडकात त्याचा जबडा दिसला. हाडं कापून काढता काढता भरती आली, काम थांबवावं लागलं आणि पाणी ओसरल्यावर रात्री परत जाऊन तो खडक सोडवावा लागला. वय सुमारे १७ कोटी वर्षं, पंखांचा विस्तार अडीच मीटरहून जास्त. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतलं ‘जार्क स्कीयानाख’ हे नाव २०२२ मध्ये ठेवलं गेलं.

त्याच्या हाडाची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा कळलं की एवढा मोठा असूनही तो अजून वाढतच होता! हौशी माणूस लाखो मोजून घेतलेल्या नगाला करवत लावू देईल? मी तर अपोफिलाइटला नातवाला हातही लावू देत नाही.

स्कायवर २०१९ पासून जीवाश्मस्थळांना कायद्याचं खास संरक्षण आहे. गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडे आपल्याकडचे ज्युरासिक काळातले, जीवाश्म असलेले खडकांचे थर आहेत. तिथे निदान पाटी आणि राखणदार तरी हवा.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, नाशिक