गोठ्याचा पाया

संपादक महोदय,
सोव्हिएत राजवटीत शेतकऱ्यांनी आपली जमीन-गुरं राजीखुशीनं सामुदायिक शेतीत दिली, असं म्हटलं जातं. त्यावर हे पत्र. माझी मुलगी एस्टोनियात असते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या आजेसासूबाईंनी, वय 86, मला शेतातला गोठ्याचा पाया दाखवला. दगडच उरलेत.

1940 ला सोव्हिएत फौजा आल्या, 1941 ला जर्मन, 1944 ला पुन्हा सोव्हिएत. दोघांनाही धान्य-दूध द्यावं लागलं, तरी सात गायी टिकल्या. 25 मार्च 1949 ला शेजाऱ्यांना गुरांच्या डब्यांतून सैबेरियाला नेलं. त्या चार दिवसांत एस्टोनियातून 20,000 हून अधिक माणसं गेली. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी. धास्तीनं आजींच्या वडिलांनी महिन्याभरात सामुदायिक शेतीच्या अर्जावर सही केली. याला राजीखुशी म्हणायचं?

घरी एक गाय उरली, बाकीच्या सामुदायिक शेतीकडे गेल्या. संध्याकाळी त्या सवयीनं जुन्या दाराशी येऊन हंबरायच्या. आई त्यांना नावानं हाका मारत परत हाकलायची. आजींना ती सातही नावं अजून पाठ आहेत.

– एक वाचक, सातारा