काढा नको, नुसतं भिजू दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. जास्वंदीची फुलं वाळवून तू चहा केलास, तो लालभडक व्हायच्या ऐवजी मळकट जांभळा झाला, घशाखाली बुळबुळीत उतरला आणि आंबटपणाचा पत्ताच नाही. फुलं वाळवताना काय चुकलं, असं विचारतोस. वाळवणं ठीकच झालंय. पाकिटातला जो गडद लाल, आंबट चहा तुझ्या मनात होता, तो मुळात जास्वंदीचा नसतो. तो लाल अंबाडीचा.

दोघी एकाच वंशातल्या. भेंडी आणि कापूसही त्याच गोतावळ्यातले. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली एकाच ग्रंथात दोघींची नावं नोंदवली : जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस आणि लाल अंबाडी म्हणजे हिबिस्कस सबदारिफा. पाकिटावर पुढे नुसतं ‘हिबिस्कस’ असेल तर मागची बारीक अक्षरं वाच आणि हे दुसरं नाव आहे का बघ. सुटा माल असला तर हातात घेऊनही कळतं. जास्वंदीच्या वाळलेल्या पाकळ्या पातळ, बोटांत धरल्या की चुरा होणाऱ्या. अंबाडीचे वाळलेले कोश जाड, सुरकुतलेले, काळपट लाल. एक तुकडा जिभेवर ठेवला की दात आंबतात.

अंबाडीच्या झाडाचं मला फार अप्रूप आहे. तिचं फूल फिकट पिवळं, मधोमध गडद लाल ठिपका. ते एका दिवसात मावळतं आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं. फुलाखालचा कोश, ज्याला वनस्पतिशास्त्रात निदलपुंज म्हणतात, तो फुगतो, मांसल होतो, लाल चढतो आणि आतल्या बियांच्या बोंडाला चहूबाजूंनी कवेत घेतो. फूल गळल्यावर साधारण तीन आठवड्यांनी तो खुडायला येतो. आपण पितो तो हा कोश. पाकळीचा त्यात अंशही नसतो.

आता तुझ्या जांभळ्या रंगाचं. दोन्हींचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा. ही द्रव्यं आम्लात लाल दिसतात, आम्ल कमी झालं की जांभळट, निळसर होतात आणि खार वाढला तर हिरव्याकडेही झुकतात. अंबाडीच्या कोशात सायट्रिक, मॅलिक आणि हिबिस्कस आम्ल भरपूर, म्हणून तिचा रंग पाण्यात उतरल्या उतरल्या लाल. जास्वंदीच्या पाकळीत रंग आहे पण एवढं आम्ल नाही, आणि पाणी जड असलं की त्यातले क्षार रंगाला आणखीच मळकट करतात. पुढच्या वेळी त्या जांभळ्या कपात अर्धं लिंबू पीळ आणि डोळ्यांनी बघ, क्षणात गुलाबी-लाल होईल. मी कितीही वेळा हे केलं तरी दरवेळी तितकाच आनंद होतो. आणि बुळबुळीतपणा? तो भेंडीच्या घराण्याचा वारसा. जितकं उकळशील तितका जास्त सुटतो.

म्हणजे तुझी जास्वंद वाया गेलेली नाही, तिला फक्त तिच्या पद्धतीने घ्यायला हवं. एका कपाला तीन-चार फुलांच्या पाकळ्या पुरतात. गॅस बंद करून पाणी दोन-तीन मिनिटं थोडं निवू दे, मग पाकळ्या टाक, झाकण ठेव, आणि तीन-चार मिनिटांत गाळून लिंबू पीळ. सौम्य, नाजूक पेय होतं. फुलं वाळवण्याआधी मधली पुंकेसरांची दांडी आणि खालचा हिरवा भाग काढून टाकत जा. आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो : औषध फवारलेल्या झाडाची किंवा हारासाठी विकायला आणलेली फुलं कधीही वापरू नकोस. मावा आणि पिठ्या ढेकूण जास्वंदीवर हमखास येतात, त्यामुळे फवारणीही हमखास झालेली असते.

अंबाडीचा चहा करताना मात्र तुझा उकळण्याचा हात आवर. आयुर्वेदात वनस्पतीचा गुण पाण्यात उतरवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या सांगितल्या आहेत : उकळून आटवला तो काढा, गरम पाण्यात भिजवून गाळला तो फांट, थंड पाण्यात रात्रभर ठेवला तो हिम. अंबाडीला काढा मानवत नाही. तिचा रंग आणि आम्ल पाण्यात सहज उतरतात, त्यासाठी आच लागत नाही. उलट आच वाढली की रंग करपटतो आणि तुरटपणा वर येतो. तेव्हा फांट कर. दोन ग्रॅम, म्हणजे चार-पाच वाळलेले कोश, हाताने थोडे मोड. दोनशे मिलिलिटर उकळतं पाणी त्यावर ओत, झाकण ठेव, पाच-सहा मिनिटांनी गाळ. दहा मिनिटांपलीकडे नको. गाळलेल्या चोथ्यावर दुसऱ्यांदा पाणी ओतलंस तरी चालेल, फक्त चव पातळ येते.

दालचिनी किंवा आलं घालायचं असेल तर ते आधी पाण्यात उकळून घे, कारण त्यांना आच हवीच असते. मग गॅस बंद करून शेवटी अंबाडी. सगळं एकत्र उकळलं की मसाल्यांचं भलं होतं आणि अंबाडीचं वाटोळं.

माझं मत विचारशील तर हिम सगळ्यांत सरस. एक लिटर साध्या पाण्यात दहा ग्रॅम कोश टाकून काचेची बरणी रात्री फ्रीजमध्ये ठेव, सकाळी गाळ. तुरटपणा जवळजवळ नसतो, आंबटपणाला धार असते पण तो बोचत नाही, आणि रंग असा स्वच्छ येतो की बरणी उजेडात धरून बघत राहावं. दोन-तीन दिवसांत संपव. साखरेबद्दल एवढंच म्हणेन की पहिला घोट तिच्याशिवाय घे. आंबटपणा हाच या चहाचा प्राण आहे. तो लपेल इतकी साखर घातली तर मग कुठलंही सरबत चाललं असतं. दूध तर घालूच नकोस, आम्लाने ते फाटतं.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं घे. ॲल्युमिनियम, लोखंड, कल्हई नसलेलं तांबं-पितळ नको. एवढ्या आंबट द्रवात धातू उतरतो, चवही बिघडते.

ताजी बोंडं मिळाली तर घरी वाळवणं अवघड नाही, पण बेतशीर हवं. देठाच्या बाजूने गोल चीर दे आणि आतलं बियांचं हिरवं बोंड ढकलून बाहेर काढ. ते आत राहिलं तर बाहेरून वाळल्यासारखं दिसतं आणि आतून बुरशी येते. लाल कोश धुऊन, पुसून, फडक्यावर एकेरी पसर, सावलीत, वारा खेळेल अशा जागी. कडक ऊन रंग खातं. दमट हवा असेल तर ओव्हन पन्नास-साठ अंशांवर ठेव, त्याहून वर नको. कोशात पाणीच इतकं असतं की एक किलोचे वाळून जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम उरतात. वाकवल्यावर कट्‌कन मोडला तर वाळला समज, नुसता वाकला तर अजून ओल आहे. बरणीत भरल्यावर आठवडाभर रोज काचेकडे नजर टाक. आतून वाफ धरलेली दिसली तर सगळं बाहेर काढून पुन्हा पसर. नंतर घट्ट झाकण, अंधारी जागा. साधारण वर्षभर टिकतं. लाल जाऊन तपकिरी दिसायला लागलं की त्यातला जीव गेला.

काकूंना रोज देणार म्हणतोस, रक्तदाब उतरतो असं ऐकून. तुझी कळकळ मला समजते, पण इथे घाई करू नकोस. ऐकलंस त्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पासष्ट जणांपैकी काहींना रोज २४० मिलिलिटरचे तीन कप हा चहा सहा आठवडे दिला होता. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७.२ ने उतरला, नुसतं तशाच चवीचं पेय घेणाऱ्यांचा १.३ ने. पण ती माणसं रक्तदाबाच्या सीमेवरची होती आणि त्यांना रक्तदाबाची गोळी चालू नव्हती. काकूंना आहे. गोळीचा आणि चहाचा परिणाम एकत्र झाला तर दाब गरजेपेक्षा खाली जाऊ शकतो, चक्कर येऊ शकते. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचार, गोळीचं नाव आणि रोज किती कप हे दोन्ही सांगून. आणि चहा सुरू केला म्हणून गोळी बंद, असं त्यांनी परस्पर ठरवायचं नाही, हे तू त्यांना माझ्याकडून सांग.

वहिनींना सध्या देऊच नकोस. गरोदरपणात हा चहा टाळावा असाच सल्ला आहे. बाळ झाल्यावर आणि त्यांचे डॉक्टर हो म्हणाले की मग आपण सगळे मिळून पिऊ. तुझ्यासाठी एवढंच : यात कॅफीन नाही म्हणून दिवसभर घोट घोट घेत बसू नकोस. आम्ल दातांवरचा थर झिजवतं. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भर आणि अर्धा तास तरी ब्रश करू नकोस.

या पाकिटात लाल अंबाडीच्या थोड्या बिया ठेवल्या आहेत. उबदार दिवसांत, भरपूर ऊन मिळेल अशा जागी लाव. कुंडी असेल तर मोठी घे, झाड माणसाएवढं होतं. पेरल्यापासून कोश हाती यायला पाच-सहा महिने जातात, आणि दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय ती फुलावर येत नाही. तेव्हा नुसती पानंच वाढतायत म्हणून खतं घालत सुटू नकोस. पानांनाही छान आंबट चव असते, कोवळी खुडून खा. काही बोंडं झाडावरच पूर्ण वाळू दे, म्हणजे पुढच्या वर्षाच्या बिया तुझ्या तुला मिळतील.

तोपर्यंत जास्वंदीत लिंबू पिळून बघ आणि कसा झाला ते लिही. काकूंना नमस्कार, वहिनींना जपायला सांग.

तुझाच,
जुना मित्र