ट्रंकेवरचं नाव

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये सेअरहोलच्या पाणचक्कीवर जाऊन आले. बाबा, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे सिनेमे तुम्ही माझ्यासाठी तीन रात्री जागून पाहिलेत ना, त्या कादंबरीचे लेखक टॉल्किन लहानपणी या चक्कीजवळ राहायचे, १८९६ ते १९००. चक्कीवाल्याच्या मुलाच्या अंगावर पांढरी पूड असायची, म्हणून टॉल्किन आणि त्यांचा भाऊ त्याला 'पांढरा राक्षस' म्हणायचे. चक्की, तळं, विटांचं धुराडं अजून जागेवर आहे.

त्यांचा जन्म १८९२चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. वडील तिथे बँकेत. १८९५ साली आई दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आली. वडील मागाहून यायचे होते, ते आलेच नाहीत; पुढच्या फेब्रुवारीत तिकडेच गेले. वडिलांची एक आठवण तेवढी टॉल्किनना राहिली: निघण्याआधी ते ट्रंकेच्या झाकणावर रंगाने आपलं नाव घालताहेत. बाबा, हे वाचलं आणि मला पुढे वाचवेना. मी हॉस्टेलला निघाले तेव्हा अंगणात वर्तमानपत्र पसरून तुम्ही माझ्या ट्रंकेवर नाव घातलं होतंत. 'कु.'चा ठिपका ओघळला, तो तुम्ही नखाने टिपलात. ती ट्रंक भंगारात देऊ नका.

त्यांच्या आईचं नाव मेबल. लॅटिन, जर्मन, झाडापानांची ओळख, सगळं तिनेच घरी शिकवलं. पुढे ज्याने आपल्या गोष्टींतल्या लोकांसाठी व्याकरणासकट भाषा रचल्या, त्याला भाषेची गोडी तिच्याजवळ बसून लागली. १९००मध्ये ती कॅथलिक झाली आणि नातेवाइकांनी पैशांची मदत तोडली. तरी तिने मुलांचं शिक्षण थांबू दिलं नाही. १९०४च्या नोव्हेंबरात ती गेली, अवघ्या ३४व्या वर्षी, मधुमेहाने. टॉल्किन तेव्हा १२ वर्षांचे.

आई, इन्शुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं १९२२ साली. मेबलच्या वेळी ते नव्हतंच गं. तुझ्या फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी ते ठेवलेलं असतं, आणि तू फोनवर सांगतेस, "काल लग्नाला गेले होते, राहून गेलं." रागावून लिहीत नाहीये. त्या तळ्याकाठी उभी असताना पोटात कालवलं, म्हणून लिहितेय.

बाबा, नाश्त्याआधी तुम्हीच ते तिच्या हातात देत जा. मी दिवाळीला येतेय. तोवर शुगरचा रोजचा आकडा कालनिर्णयवर लिहा, दुधाच्या हिशेबाशेजारी. आल्या आल्या बघणार आहे.

तुमची,
चिमी