‘काय दिसलं, सांगा’ असं विचारणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून ते लिहीत नाही. विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या आमच्या वसाहतीतली पोरं तुम्हाला ‘दुर्बीणवाले सर’ म्हणतात, तेवढं पुरे. डिसेंबरातला आकाशदर्शनाचा कार्यक्रम संपला, दुर्बीण रिक्षातून परत गेली. तुमचा प्रश्न मात्र गल्लीतच राहिलाय. आता पोरं एकमेकांना तोच विचारतात : काय दिसलं, सांग.

याआधी इथे दुर्बीण आली नव्हती असं नाही. एका संस्थेने आठ इंच आरशाची आणली होती. दिवस निवडला पौर्णिमेचा. पौर्णिमेला सूर्याचा उजेड चंद्रावर समोरून पडतो, विवरांच्या सावल्या राहत नाहीत आणि दुर्बिणीतून नुसती डोळे दिपवणारी पांढरी थाळी दिसते. जागा निवडली गच्चीची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो, त्यामुळे पाण्याखालचं नाणं हलावं तशी प्रतिमा हलते. त्यात पाहुण्यांच्या सत्काराला तास गेला. उरलेल्या दीड तासात तीनशे माणसं, म्हणजे माणशी अठरा सेकंद. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा डोळा आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, नीट यायलाच तेवढा वेळ लागतो. ‘दिसलं ना? चला पुढे,’ असं विचारलं जायचं आणि प्रत्येक जण ‘हो, हो’ म्हणत पुढे सरकायचा. त्या ‘हो’मधले कितीतरी खोटे होते. दिवसभर विड्या वळून आलेली बाई एवढ्या लोकांसमोर ‘मला नाही दिसलं’ कशी म्हणणार?

तुम्ही शुक्ल अष्टमीच्या आसपासचा दिवस घेतलात. त्या दिवसांत उजेड-अंधाराची सीमारेषा चंद्राच्या मधोमध असते आणि तिथे सावल्या लांब पडतात. शनीही जवळच होता. दुर्बीण मातीवर मांडली, तीही रांग सुरू व्हायच्या तासभर आधी, म्हणजे घरातून आलेला दुर्बिणीतला आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईल. शेजारी पाठीची खुर्ची ठेवली, कारण वाकलेल्या माणसाला काहीतरी धरावंसं वाटतं आणि खुर्ची नसली की तो नळीच धरतो. काजळाचा डाग पडला तर पदराने पुसू नका, असं आधीच सांगून भिंगाचा कागद स्वतःच्या खिशात ठेवला. रांग साठ माणसांवर थांबवलीत, त्याबद्दल काही जण रुसले. पण साठ माणसं म्हणजे माणशी एक मिनिट धरून पूर्ण तास होतो. तो तास तुम्ही खरोखर दिलात.

आयपीसची निवड मला सगळ्यात मोलाची वाटली. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या सहा इंची दुर्बिणीला १० मिलिमीटरचं आयपीस लावलं की १२० पट मोठं दिसतं, आणि लोकांना आकडा मोठा हवा असतो. पण साध्या प्लॉसल प्रकारच्या त्या आयपीसमध्ये डोळा भिंगापासून सातेक मिलिमीटरवर न्यावा लागतो. चष्मा असला तर ते जमतच नाही. चष्मा काढून फोकस फिरवला तर लांबचा-जवळचा नंबर भरून निघतो, सिलिंडरचा नंबर निघत नाही. तुम्ही २५ मिलिमीटरचं आयपीस ठेवून मागे दुप्पट मोठं दाखवणारं बार्लो भिंग लावलंत. ९६ पट, आणि चष्म्यासकट पाहता येईल इतकी जागा. त्यात शनी दृष्टिक्षेत्राच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला दोन मिनिटांत जातो, म्हणून प्रत्येक माणसानंतर नळी हाताने ढकलावी लागते. साठ वेळा ढकललीत.

आणि साठ वेळा विचारलंत, ‘काय दिसलं, सांगा.’

एका पोराने सांगितलं, ‘मेदूवडा. गोल, मधे भोक.’ मागचे हसले, तुम्ही हसला नाहीत. फोकस चुकला की आरशाच्या दुर्बिणीत असंच दिसतं. मधलं भोक ही नळीतल्या छोट्या आरशाची सावली असते आणि भलेभले तिलाच शनीची कडी समजून घरी जातात. तुम्ही विचारलं नसतंत तर तोही तेच समजून गेला असता. फोकसची चकती तुम्ही त्याच्याच हातात दिलीत : वडा लहान लहान होत जाईल, सगळ्यात लहान झाला की थांब.

जाड चष्म्याच्या आजी आल्या तेव्हा त्या ‘बघितलं, बघितलं’ म्हणून निघाल्याच होत्या. तुम्ही तेलुगूत विचारलंत, ‘एमि कनपडिंदी?’ आपल्या बोलीत विचारल्यावर त्या थांबल्या आणि खरं बोलल्या, नुसता उजेड दिसला. तुम्ही त्यांना चष्मा परत घालायला लावलात, खुर्ची जवळ ओढलीत, डोळा किंचित मागे घ्यायला सांगितलंत. रांग थांबली होती. तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. मग त्या म्हणाल्या, मण्यातनं सुई आरपार घातल्यासारखं आहे.

सर, त्या वेळच्या शनीचं याहून अचूक वर्णन मला माहीत नाही. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, त्या वर्षअखेरीलाही कडी जवळजवळ बाजूनेच, बारीक रेषेसारखी दिसत होती. पुस्तकातल्या चित्रासारखी रुंद कडी तेव्हा कुणालाच दिसणार नव्हती. आजींनी चित्रातलं सांगितलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं.

साडेसातीच्या धास्तीने दोघी-तिघी शनीकडे बघायला तयार नव्हत्या, तर एकाने चपला काढून हात जोडूनच पाहिलं. त्यांनाही तुम्ही एका शब्दाने दुखावलं नाहीत. नको म्हणणाऱ्यांना चंद्र दाखवलात.

लोकांपर्यंत आकाश नेणाऱ्यांचा जगात मान होतो, व्हायलाच हवा. जयंत नारळीकरांना १९९६ साली युनेस्कोचं कलिंग पारितोषिक मिळालं. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तर स्वतः देत. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी होते. जहाजाच्या खिडकीच्या काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळीत बसवले आणि फुटपाथवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवला. तुमची लाकडी पेटीवरची दुर्बीण त्यांच्याच घडणीची आहे. समोरच्या माणसाला थांबून नीट विचारायचं, ही रीतही मला त्याच घराण्यातली वाटते. शाल-श्रीफळाला तुम्ही नकार दिलात, म्हणून हे पत्र.

एक विनंती आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दुपारी १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास. तेव्हा सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. ती दाखवायला या. उभा केलेला पाइप तीस सेंटिमीटरचा असेल तर एक दिवस मागेपुढे झाल्याने सावली जेमतेम दीड मिलिमीटरने चुकते, पण पाइप एका अंशाने कलला तर पाच मिलिमीटरने. म्हणून ओळंबा आणि पाणपातळी आम्ही तयार ठेवू, घरकुलातलेच गवंडी लावून देतील. आजींनाही सांगून ठेवलंय. त्या विचारत होत्या, सर पुन्हा विचारणार का, काय दिसलं म्हणून.

तुमचा कृतज्ञ,
रांग सांभाळणाऱ्यांपैकी एक
सोलापूर